चार अंकी कोड सहा अंकी करताना: परिणामांच्या यादीचा माझा अनुभव

१ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना जीएसटीच्या बिलावर किमान सहा अंकी एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) छापणे बंधनकारक झाले. आमच्या बिलिंग प्रणालीत तो कॉलम चार अक्षरांचा होता आणि तो वाढवण्याचे काम माझ्याकडे आले. बदलाच्या मंजुरीच्या अर्जात ‘बाधित मॉड्यूल’, म्हणजे बदलाचा परिणाम होणारे प्रणालीचे भाग, असा रकाना होता, आणि प्रत्येक मॉड्यूलच्या जबाबदार व्यक्तीची संमती जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे.

कोडमधला शोध आणि ओरॅकल या डेटाबेसमधला अवलंबनांचा व्ह्यू (कोणता भाग कशावर अवलंबून आहे हे दाखवणारी यादी) यांच्या आधारे बहुतेक यादी एका दिवसात तयार झाली.

अडले ते एका टेक्स्ट फाइलपाशी. ही फाइल रोज रात्री साठा विभागाच्या प्रणालीकडे जात असे. तिच्यात स्वल्पविराम नव्हते, प्रत्येक माहितीची जागा ठरलेली होती: एचएसएन ४१ ते ४४ या स्थानांवर आणि लगेच ४५ पासून पाच अंकी नगसंख्या. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘एचएसएन’ हा शब्दच नव्हता, केवळ आकडे होते. त्यामुळे नावाने कितीही शोधले तरी तो सापडणे शक्य नव्हते. मला तो सापडला रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची, म्हणजे जॉबची, यादी ओळीने वाचताना, आणि हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

साठा विभागाला मी तीन पत्रे पाठवली. अकराव्या दिवशी ‘आमच्याकडे परिणाम नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. ती संमती जोडून अर्ज पुढे पाठवता आला असता, परंतु फाइल न तपासता दिलेल्या त्या उत्तरावर माझा विश्वास बसला नाही, आणि त्याचा राग आजही गेलेला नाही. मी त्यांच्या चाचणी प्रणालीचा प्रवेश मागून घेतला आणि बारा लॅपटॉपची एक नमुना ओळ पाठवली. लॅपटॉपचा सहा अंकी कोड ८४७१३०, त्यापुढे नगसंख्या ०००१२. त्यांच्या प्रोग्रॅमने कोड ८४७१ असा घेतला, उरलेले ३० पुढच्या तीन शून्यांसह नगसंख्येत ओढले आणि साठ्यात तीस हजार लॅपटॉप दाखवले. कोणतीही त्रुटी नोंदली गेली नाही. तो पडदा त्यांच्या प्रमुखांना दाखवल्यावर संमतीऐवजी बैठक मिळाली आणि काम त्याच आठवड्यात मार्गी लागले: जुनी चार स्थाने जशीच्या तशी ठेवून पूर्ण कोड ओळीच्या शेवटी जोडायचा, म्हणजे फाइलचा जुना वाचक कोलमडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ओरॅकलच्या त्या व्ह्यूवर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण प्रोसिजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमच्या) आत मजकूर जोडून तयार केलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, त्यात नोंदली जात नाही; आमची परतीच्या मालाची प्रोसिजर अशीच सुटली होती. ती मिळाली गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात. बिलाची फाइल ज्या ज्या वेळी बदलली, त्या बहुतेक वेळी ही प्रोसिजरही त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदलेल्या बदलांत) बदललेली होती.