चाळीस पावलांवरून पाहिलेला गंडभेरुंड

वैशाख लागला की अकोला, अमरावती, वर्धा या भागांतला पारा पंचेचाळिशीकडे झुकतो आणि परतवाड्याहून घाट चढून येणाऱ्या गाड्यांची चिखलदऱ्यात रांग लागते. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरचे हे गाव विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण आहे. मी याच गावची आहे. पर्यटकांना गाविलगड किल्ला दाखवणे हे माझे काम असून त्यावरच माझे घर चालते.

उन्हाळ्यातला आमचा दिवस आम्ही घड्याळापेक्षा उन्हाकडे पाहून आखतो. किल्ला पहाटे पाहायचा आणि नऊच्या आत परतायचे, दुपारी सावलीत पडून राहायचे, ऊन कलले की देवी पॉइंटची कपार किंवा आमझरी गाव, आणि रात्री आकाश स्वच्छ असेल तर ताऱ्यांखाली बसायचे. दुपारी बारा वाजता तापल्या दगडांवरून लहान मुलांना फिरवणे मला मुळीच मान्य नाही. जास्त पैसे देऊ करणाऱ्यांनाही मी त्या वेळी नाही म्हणते. इथली हवा थंड असली तरी मे महिन्यातले डोक्यावरचे ऊन विदर्भाचेच असते, हे पाहुण्यांच्या चटकन लक्षात येत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या रविवारी माझ्याबरोबर सतरा जण होते. तीन कुटुंबे, त्यांची पाच मुले आणि अकोल्याहून एकटे आलेले एक निवृत्त शिक्षक. सर्वांनी त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच ‘सर’ म्हणायला सुरुवात केली होती. सरांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला होता. वऱ्हाडच्या इमादशाहीचा धडा दरवर्षी शिकवला, पण तिचा हा किल्ला मात्र कधी पाहिला नाही, ही खंत त्यांनी मला आदल्या संध्याकाळी फोनवर बोलून दाखवली होती. त्यांना मुख्यतः किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, पाहायचा होता.

माझ्या मदतीला नेहमीप्रमाणे काका होते. काका कोरकू आदिवासी आहेत, साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांचे आयुष्य या डोंगरात गेले आहे. गटाच्या पुढे काका आणि मागे मी, अशी आमची पद्धत आहे. निघण्यापूर्वी मी सर्वांना अत्तर किंवा सुगंधी स्प्रे लावला आहे का हे विचारते, ज्यांनी लावला असेल त्यांना हातपाय धुवायला लावते आणि विडी-सिगारेट गाडीत ठेवायला सांगते. लोकांना हे थोडे विचित्र वाटते. माझ्या पिशवीत पाण्याबरोबर दोन जाड घोंगड्याही असतात. भर उन्हाळ्यात घोंगडी कशाला, असे त्या दिवशीही एका मुलीने विचारले आणि वर गेल्यावर सांगेन, असे मी तिला म्हटले.

साडेपाचला आम्ही चालायला लागलो. वाटेत करवंदे पिकली होती आणि मुलांचे हात काही वेळातच काळेजांभळे झाले. चालता चालता मी किल्ल्याची गोष्ट सांगत होते. इथे आधी गवळी राजांची मातीची गढी होती असे मानतात आणि किल्ल्याचे नावही त्यांच्यावरूनच आले. पुढे बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास पक्का किल्ला बांधला, १४८८ मध्ये फत्तेहउल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याची डागडुजी केली आणि दोनच वर्षांनी हाच फत्तेहउल्ला वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातला, हिंदू घरात जन्मलेला, लढाईत पकडला जाऊन बहमनी दरबारात वाढलेला होता. गंडभेरुंड विजयनगरच्या काही नाण्यांवरही दिसतो. वऱ्हाडातल्या एका सुलतानाच्या दरवाजावर दोन चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेला हा पक्षी कुठून आला असावा, याचा विचार त्यामुळे थेट तुंगभद्रेपर्यंत जाऊन पोहोचतो. सर हे सगळे जाणून होते, तरी मुलांसारखे कान देऊन ऐकत होते.

दिल्ली दरवाजा दिसू लागला तेव्हा पुढे असलेल्या काकांनी हात वर केला आणि आम्ही सगळे थांबलो. कमानीच्या वरच्या भागात आग्या मोहोळाची तीन पोळी लटकत होती. या माशांचे पोळे उघड्यावर, एकाच पडद्यासारखे असते आणि माशाच एकमेकींना धरून त्याच्यावर पांघरूण घालतात. ती शांत असली की पोळे काळ्या घोंगडीसारखे निश्चल दिसते. त्या दिवशी मात्र मधल्या पोळ्यावरून पुन्हा पुन्हा एक लाट धावत होती, कुणी पाण्यात खडा टाकावा तशी. शत्रू जवळ आला की माशा पोट उचलून अशी लाट उठवतात.

काका परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, आज जाऊ नका. वर पाहा.” मी वर पाहिले. झाडांच्या शेंड्यांवर एक मोहोळघार गोल फिरत होती. हा शिकारी पक्षी पोळी फोडून त्यातल्या अळ्या खातो. त्याच्या डोक्यावरची आणि चोचीजवळची पिसे खवल्यांसारखी दाट असतात, म्हणून डंखांचे त्याला फारसे वाटत नाही. चिडलेल्या माशा मग खाली जो दिसेल त्याच्यावर जातात.

दरवाजा आमच्यापासून चाळीस पावलांवर होता. पुढे जायचे नाही, असे मी गटाला सांगितले. एका गृहस्थांनी तक्रार केली की एवढ्या लांबून येऊन दारातूनच परतायचे असेल तर पैसे कशाचे घेता. त्यांचे म्हणणे मला समजत होते. लोक वर्षातून एकदा सुट्टी काढतात, मुलांना घेऊन दोनशे किलोमीटर येतात आणि मी त्यांना सांगते की लांबून पाहा. या कामात माहिती सांगणे सोपे आहे. समोर उभे असलेले, त्यांच्या हक्काचे वाटणारे दगड त्यांना नाकारणे सर्वांत कठीण आहे. सर काही बोलले नाहीत. मी माझी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, बराच वेळ धरली आणि मला म्हणाले, “एकच डोके दिसते आहे, दुसरे सावलीत आहे.”

मी गटाला करवंदीच्या जाळीशेजारी बसवले आणि १८०३ ची लढाई तिथूनच सांगायला घेतली. अडगावची लढाई २९ नोव्हेंबरला झाली आणि नागपूरकर भोसल्यांचे सैन्य मागे हटून गाविलगडावर आले. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून हल्ल्याचा देखावा करीत राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरांतून सुमारे तीस मैल तोफा ओढत उत्तरेकडे आणल्या. १३ डिसेंबरला तोफा धडाडू लागल्या आणि १५ डिसेंबरला बाहेरच्या फुटलेल्या तटातून हल्ला झाला. आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता, तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या सेनापतीचा पराक्रम म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, ते मला आवडत नाही. तोफांसाठी जंगलात वाट काढताना जे मजूर आणि बैल खपले, त्यांची नावे कुठेच नाहीत. मुलांना मी नेहमी विचारते की एवढी जड तोफ या चढावर कशी आणाल, आणि मुले त्यावर खरोखर विचार करतात.

मी असे बोलत असतानाच चार तरुण आतून दरवाजाकडे येताना दिसले. ते आमच्याही आधी किल्ल्यात गेले असावेत. पुढे जे झाले त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता, हे मला आवर्जून लिहायचे आहे. ते गाणी वाजवत नव्हते, धूर करीत नव्हते, दगड मारीत नव्हते. ते नुसते चालत येत होते. त्यांना हाताने थांबण्याची खूण करण्यासाठी मी उठले, आणि त्याच क्षणी घार खाली आली.

पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा कमानीखाली पडला. काळा पडदा फुटावा तसे मधले पोळे मोकळे झाले आणि चक्की सुरू व्हावी तसा आवाज आला. मी गटाला उठवून जाळीत घातले. माना खाली, हात तोंडावर, ओढण्या आणि टॉवेल डोक्यावर, आणि हात अजिबात हलवायचे नाहीत, एवढेच मी पुन्हा पुन्हा सांगत होते. काकांनी पिशवीतली एक घोंगडी ओढली, स्वतःभोवती गुंडाळली आणि ते सरळ दरवाजाकडे धावले. दुसरी घोंगडी मी तीन लहान मुलांवर टाकली. तो प्रश्न विचारणारी मुलगी त्यांच्यातच होती.

तीन तरुण मागे वळून आत पळाले आणि वाचले. चौथा घाबरून जागीच हात झटकू लागला. मधमाशीचा काटा पिशवीसह कातडीत राहतो आणि त्यातून सुटणारा वास बाकीच्या माशांना त्याच जागी बोलावतो, त्यामुळे झटकणाऱ्यावर माशा वाढतच जातात. काकांनी त्याला घोंगडीत घेतले, आडवे ओढत झुडपांत नेले आणि आमच्या बाजूला आणून बसवले. तो जवळ आला तेव्हा पिकलेल्या केळासारखा वास आला. तो माशांच्या त्या इशाऱ्याचा वास होता, आणि अजूनही घरात केळी जास्त पिकली की मला ती सकाळ आठवते.

माशा निवायला पाव तास लागला असेल. आम्ही गटाला हळूहळू मागे काढले. गटातल्या पाच जणांना दोन-तीन डंख झाले होते, काकांच्या हातांवर बावीस होते. त्या तरुणाच्या मानेवर आणि डोक्यात मोजता येणार नाहीत इतके होते. बोथट कडेने खरवडून मी काटे काढू लागले. त्यात वेळ महत्त्वाचा असतो, पद्धतीपेक्षा झटपट काढणे महत्त्वाचे. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि त्याला उलटी झाली. छाती आवळल्यासारखी वाटते असे तो म्हणाला, तेव्हा हे नुसते डंख राहिलेले नाहीत हे मला कळले. सरांनी त्याला आडवे करून पाय उंच धरले. तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी एकही शब्द न बोलता पळत जाऊन आपली गाडी शक्य तितकी जवळ आणली आणि चिखलदऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत स्वतः चालवली.

डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला, सलाइन लावले. थोड्याच वेळात त्याचा श्वास मोकळा झाला. त्रास काही तासांनी उलटून येऊ शकतो आणि एवढ्या विषाचा भार मूत्रपिंडावरही पडतो, म्हणून त्यांनी त्याला रात्रभर ठेवून घेतले व लघवीची तपासणी केली. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. तिने काकांचे सुजलेले हात आपल्या हातात घेतले आणि ती नुसती बसून राहिली. काका म्हणाले, “माशीची चूक नाही, माय. तिचं घर मोडलं होतं.”

त्या रविवारच्या संध्याकाळचा आमझरीचा कार्यक्रम रद्द करावा असे मला वाटत होते, पण मुलांनीच हट्ट धरला. आमझरी हे मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथे पेट्यांमध्ये पाळलेल्या सातेरी माशा दाखवतात. पेटीतून हळूच उचललेली चौकट, तिच्यावर आपल्या कामात गढलेल्या लहान लहान माशा, हे पाहताना ती मुलगी माझा हात घट्ट धरून उभी होती, पण मागे सरली नाही. गटातल्या प्रत्येकाने तिथून मध घेतला.

त्या घटनेनंतर मी काही गोष्टी बदलल्या. निघण्याआधी कुणाला पूर्वी डंखाचा त्रास झाला आहे का, हे आता मी विचारते. काका पहाटेच एकटे दरवाजापर्यंत जाऊन येतात आणि आम्ही कुठपर्यंत जायचे ते त्यांच्या शब्दावर ठरते. त्या उन्हाळ्यात पाऊस लागेपर्यंत मी एकाही गटाला दिल्ली दरवाजाखालून नेले नाही. काही जण नाराज झाले, काही जण दुसऱ्या कुणाबरोबर गेले. सरांचा त्या दिवशीचा अर्धा पक्षी मात्र मला छळत होता. परत जाताना त्यांनी उद्या पहाटे, अगदी पाच मिनिटे तरी, असे विचारले होते आणि पोळे फुटलेल्या माशा पुढे कितीतरी दिवस चिडलेल्या राहतात म्हणून मी त्यांनाही नकार दिला होता.

डिसेंबरच्या मध्यावर त्यांचा फोन आला. १५ तारखेला येतो, म्हणाले. त्या सकाळी धुके होते आणि दरीतून गार वारा येत होता. माशा निघून गेल्या होत्या, त्या हंगाम बघून जागा बदलतात. कमान रिकामी होती. सर दरवाजासमोर उभे राहिले, टोपी काढली आणि वर पाहू लागले. दोन्ही डोकी दिसत होती, चोचींतले हत्ती दिसत होते, शेजारचा सिंहही दिसत होता. कमानीच्या दगडावर मेणाचा एक काळपट अर्धगोल डाग राहिला होता. सरांनी बोटाने तो मला दाखवला आणि विचारले, “उन्हाळ्यात इथेच येतील ना परत?”

“इथेच,” मागून काका म्हणाले.