अडकलेली हलगी

परवा माळ्यावरनं जुनी हार्डडिस्क काढली, नशिबानं चालू झाली, आणि आत 1997 चं इंपल्स ट्रॅकरचं, म्हणजे डॉसवर गाणी बांधायच्या प्रोग्रॅमचं, फोल्डर जसंच्या तसं! कॉलेजात असताना सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रेकॉर्डिंगवाल्या वॉकमनवर हलगी धरली होती, ती साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाच्या लाईन-इनमधनं आत घेऊन 8 बिटचं सॅम्पल केलं आणि त्यावर एक गाणं बांधलं होतं. आताचे प्लेअरपण ती फाईल वाजवतात, माहितीये, पण मला ती जुनी स्क्रीनच पाहिजे होती, आता काय करता.

डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आताच्या कॉम्प्युटरवर जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकलं, गाणं वाजवायचं एफ5 दाबलं, आणि हलगीचा पहिला तुकडा वाजून तिथंच अडकला. तडतड तडतड तडतड, थांबायचं नावच नाही. भाचा आतनं ओरडला, "मामा, घरात लूम बसवला का तुम्ही?" गल्लीत अजून चार माग चालतात, त्यामुळं टोमणा बरोबर बसला.

दोन तास मी हेडफोन बदल, व्हॉल्यूम बघ असला फालतूपणा केला. मग लक्षात आलं की स्क्रीनवर गाण्याची ओळपण पुढं सरकत नाहीये, म्हणजे आवाज येतोय पण कार्डाचा निरोप प्रोग्रॅमला मिळतच नाहीये. कार्ड डीएमएनं, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीतनं, बफर (आवाजाचा छोटा तुकडा) वाजवतं, तो संपला की इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला हाक, देऊन सांगतं की पुढचा माल भर. प्रोग्रॅम भलत्याच आयआरक्यूवर (इंटरप्टच्या नंबरावर) कान लावून बसला असेल तर तोच तुकडा फिरत राहणार. आणि घोळ कुणाचा, तर माझाच! त्या फोल्डरमधल्या बॅच फाईलमध्ये मीच तेव्हा कार्डाची सेटिंग सांगणारी ब्लास्टरची लाईन लिहिली होती, ए220 आय5 डी1 एच5 टी6, त्यातला आय म्हणजे आयआरक्यू. तेव्हा 7 नंबर प्रिंटर पोर्टाकडं असायचा म्हणून कार्डाला 5 दिला होता. डॉसबॉक्स मात्र आपणहून 7 धरतो. आय5 चं आय7 केलं, बास, गाणं पळायला लागलं.

पळालं म्हणजे लंगडत. मध्येच तुटायचं, चॅनल वाढले की खरखर. याचं कारण सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सच्या नकली सीपीयूचा वेग. ऑटोवर ठेवलं की डॉसबॉक्स रिअल मोडच्या (जुन्या 16 बिट पद्धतीच्या) प्रोग्रॅमला नुसत्या 3000 सायकल्स देतो, आणि जेफ्री लिमनं हा ट्रॅकर असेंब्लीत, रिअल मोडसाठीच लिहिलेला, सगळं मिक्सिंग सीपीयूच्या डोक्यावर. कंट्रोल एफ12 दाबत दाबत वर नेलं, शेवटी कॉन्फिगमध्ये फिक्स्ड 25000 टाकलं. खरखर गेली.

मग भाच्याला बोलावून नीट ऐकवलं. प्रत्येक ठोक्याच्या शेपटीला मागनं कुणीतरी बारीक आवाजात ओरडतंय, "अय, सरक की बे!" तेवढं कापायचं राहिलंय तेव्हाचं.