दिवाळीआधीचा रविवार, लक्ष्मी रोड

सकाळी वर गेलेलं शटर रात्री साडेदहाला खाली आलं. लक्ष्मी रोडला आज पाय ठेवायला जागा नव्हती. "ताई, ह्यातच राणी कलर दाखवा ना," हे दिवसभर चालू. पण एका आजींनी इरकलचा पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला! नातवाच्या पहिल्या पगाराची साडी होती ती.

उभं राहून राहून पोटऱ्या भरून आल्यात. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांसाठी बसायची सोय कायद्याने बंधनकारक केली. आपल्याकडेही गिऱ्हाईक नसताना टेकायला काउंटरमागे स्टूल हवंच.

उद्या खरेदीला येणार असाल तर शक्यतो सकाळीच या, निवांत दाखवता येतं. आणि लहान मुलांचा हात सोडू नका, गर्दी फार आहे.