वाळपईची बस आणि परिषदेचं वेळापत्रक

मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरची, दोन दिवसांची परिषद गेल्या वर्षी आम्ही पणजीत भरवली. सगळा कारभार स्वयंसेवकांचा. माझ्याकडे एकच काम होतं, गोव्यातल्या लहान गटांना त्यात आणायचं. फोंड्यात इंजिनिअरिंगच्या मुलांचा लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा गट होता, म्हापशाला ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवायच्या खुल्या नकाशावर माहिती भरणारे पाच-सहा जण, मडगावला विकिपीडियावर लिहिणारी मंडळी, आणि वाळपईला एक सर नि त्यांच्या शाळेची मुलं. सगळे धरून चाळीसच्या आसपास माणसं.

सुरुवात मी चुकीची केली. सगळ्यांना भाषणासाठीचा फॉर्म पाठवला आणि तीन आठवडे वाट पाहिली. एकाचंही उत्तर नाही. शेवटी वाळपईच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, त्यात आधीच्या भाषणाचा व्हिडिओ मागितलाय, गिटहबवर ठेवलेल्या आपल्या कोडचा पत्ता मागितलाय. आमच्याकडे यातलं काहीच नाही. आम्ही ऐकायला येऊ." फॉर्म उघडून पुन्हा वाचला. इंग्रजीत होता, आणि ज्यांनी आधी कुठेतरी भाषण केलंय त्यांनाच भरता येईल असा होता.

पुढच्या शनिवारी कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये, बसले आणि साखळी, होंडा करत वाळपईला गेले. शाळेच्या लॅबमध्ये अकरा जुने संगणक, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांतून निकालात निघालेले. सरांनी त्यांवर लिनक्सची डेबियन ही आवृत्ती चढवून, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकून ते चालते ठेवलेत. प्रत्येक कीबोर्डाशेजारी इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीतल्या कळांचा हाताने काढलेला कागद चिकटवलेला. आठवीतली एक मुलगी मला म्हणाली, "ताई, हे बघा." तिने 'आचार्यांना' टाईप केलं आणि खाली 'आचाऱ्यांना'. पहिलं गुरुजींना, दुसरं स्वयंपाक्याला. फरक एका शिफ्टचा. नुसती इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की साधा र येतो, आणि पुढे हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) नि य आला की त्याचा रफार होऊन वर चढतो. शिफ्ट धरून 'जे' दाबला की युनिकोडमधला, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतला, वेगळा ऱ येतो, आणि त्याला हलन्त लावला की तो आडवा अर्धा र होऊन य ला चिकटतो. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. निबंधात 'दऱ्या' लिहिताना अडली, तेव्हा एकेक कळ दाबत शोधलं. मोबाईलवर कितीतरी मोठी माणसं अजून 'दर्या' लिहून पाठवतात. या मुलीकडे सांगण्यासारखं काही नाही असं म्हणणारा आमचा फॉर्म मी त्याच दिवशी बाजूला ठेवला.

ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत डेव्हरूमची पद्धत आहे. एकेका समुदायाला खोली दिली जाते आणि त्या खोलीत कोण बोलेल, कधी बोलेल हे तो समुदायच ठरवतो. मी समितीपुढे तेच मांडलं: प्रत्येक गटाला अर्ध्या दिवसाची खोली. भाषा त्यांची, माणसं त्यांची. आपण माईक, प्रोजेक्टर नि चित्रीकरण बघायचं, आचारसंहिता मात्र सगळ्यांना एकच. दर्जाचं काय, असा प्रश्न आला, आणि तो रास्तच होता. पंधरा दिवस आधी आमच्यातल्या दोघांनी प्रत्येक गटाकडे जाऊन रंगीत तालीम बघायची असं ठरलं. माझ्या मते परिषदेतलं सगळ्यात मोलाचं काम त्या तालमींतच झालं. तारखाही गटांना विचारूनच धरल्या. गणेश चवथीच्या आसपास गोव्यात कुणी घर सोडत नाही, आणि शाळेच्या परीक्षा मधे यायला नकोत.

मग पैशांचा प्रश्न. 2023 च्या सप्टेंबरात कोचीला डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनवाल्यांची जागतिक परिषद, झाली. डेबकॉन्फला प्रवासासाठी मदत मागता येते, म्हणून आमच्याकडेही तशी तरतूद होती. पण 'आधी खर्च करा, मग बिल द्या' हे कॉलेजच्या मुलाला जमत नाही, आणि शाळेच्या मुलांच्या आईबापांना तर नाहीच. खजिनदारांशी दोन बैठका वाद घातला. शेवटी प्रत्येक गटातल्या एका जबाबदार माणसाच्या हाती रक्कम आगाऊ द्यायची, पावतीवर सही घ्यायची, एवढ्यावर मिटलं. एक पैसाही इकडेतिकडे झाला नाही.

वाळपईच्या मुलांची खोली आम्ही सकाळी ठेवली, जेवण करून निवांत परतीची बस मिळेल अशा बेताने. ती मुलगी 'आचाऱ्यांना' घेऊन उभी राहिली. मागच्या बाकावर फॉन्ट तयार करणारे दोघे बसले होते. ते तिला प्रश्न विचारत राहिले, आणि ती न बिचकता कीबोर्डावर करून दाखवत राहिली.

फोंड्याच्या मुलांवर मात्र आमच्याकडून अन्याय झाला. त्यांना तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली, आणि वेळ नेमकी मुख्य सभागृहातल्या बीजभाषणाची. महिनाभर तयारी केलेली ती मुलं सात जणांसमोर बोलली. वेळापत्रक जुळवताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्यांची माफी मागितली, पण तो दिवस त्यांना परत देता येत नाही.

म्हापसा आणि मडगाव या गटांची गाठ पडली ती जिन्यात, चहा घेताना. नकाशावाल्यांनी गावांची नावं मराठीत भरली होती. विकिपीडियावाले म्हणाले, कोकणीत 'फोंडें' होतं, 'म्हापशें' होतं, ते कुठे आहे? नकाशात एकाच जागेला दोन्ही भाषांतलं नाव वेगवेगळ्या टॅगमध्ये ठेवता येतं. मग दुपारची सत्रं सोडून सगळे तिथेच पायऱ्यांवर लॅपटॉप उघडून बसले आणि बार्देशातल्या वाड्यांची नावं एकमेकांना विचारून भरत गेले. आम्ही तिथे विजेची एक वाढीव तार ओढून दिली, बाकी त्यांना आमचं काही लागलं नाही.

यंदा पेडण्याच्या एका शाळेलाही आणायचं म्हणून वाळपईच्या सरांनी आधीच सांगून ठेवलंय. नवा फॉर्म मराठी, कोकणी नि इंग्रजीत आहे, एका पानाचा. फोनवर सांगितलं तरी आमच्यातलं कुणीतरी भरून घेतं. त्यातला पहिला प्रश्न: घरी परतायला तुमची शेवटची बस किती वाजता असते?