कान अजून वाजताहेत

सकाळचे साडेसहा, झोपेचा पत्ता नाही. काल रात्री तळघरातल्या डान्स पार्टीला जेमतेम ६० माणसं, एक लाल दिवा, दोन टर्नटेबल. डीजेचं नाव निम्म्यांना ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मी मात्र रात्रभर त्याच्या हातांकडे बघत होतो. पिच स्लायडर (रेकॉर्डचा वेग कमी-जास्त करणारी पट्टी) केसभर सरकवायचा, दोन्ही रेकॉर्ड १३२ बीपीएमवर (म्हणजे मिनिटाला १३२ ठोके) जुळवायच्या, मग जुन्या ट्रॅकचा खर्जातला बेस काढून नव्याचा हळूच आत सोडायचा. सांधा कळतच नाही! आणि तो रोलंड टीआर-९०९ या ड्रम मशीनचा ठोका... (हे यंत्र सुरुवातीला फारसं खपलं नाही, म्हणून सेकंडहँड स्वस्तात मिळायचं आणि टेक्नो संगीत घडवणाऱ्या डेट्रॉइटच्या पोरांच्या हाती लागलं. बरंच झालं.)

चारच्या सुमारास साउंड अचानक गेला. कुणीही मोबाईल काढला नाही. साउंड परत येईपर्यंत टाळ्यांनीच ठोका धरून ठेवला, आणि तोही थोडा फास्टच.