कॉल आला तर सुट्टी

घोडबंदर रोडच्या आसपास मालिकांची शूटिंग चालतात, त्यामुळे ठाण्यात खोली भाड्याने घेऊन राहणारे होतकरू नट पुष्कळ. ते नट म्हणून आपल्याला क्वचित दिसतात. दिसतात ते कुणाच्या हळदीला माइक घेऊन करवल्यांना नाचवताना, नाहीतर मॉलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला नव्या बिस्किटाची चव घ्या म्हणताना. चव घेताना मी हल्ली समोरच्याचा आवाज ऐकतो. ‘ष’ आणि ‘श’ वेगळे उच्चारले की ओळखावं, हा रविवारी कुठल्यातरी तालमीत असतो.

यांना लागणाऱ्या नोकरीची अट मोठी अजब. सकाळी फोन आला की दुपारी अंधेरीत ऑडिशनला उभं राहता आलं पाहिजे. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, पाठीवरच्या सॅकमध्ये इस्त्रीचा शर्ट. अशी मुभा देणारा साहेब कुठे मिळणार? मिळाला तर तो पगारही तसाच देतो, कधी देतो आणि कधी देत नाही.

जुन्या लोकांचं बरं होतं, असं आपण पटकन म्हणतो. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. आपल्या ठाण्यातल्या ज्या नाट्यगृहाला नाव दिलंय ते काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, आणि श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पण त्या जमान्यात नाटक संध्याकाळी उभं राहायचं. साडेपाचला लेजर मिटवून तालमीला जाता यायचं. मालिकेची शिफ्ट बारा तासांची, तीही बहुधा भर दिवसा. म्हणजे पोट भरायची वेळ आणि कला करायची वेळ एकच झाली. आजच्या मुलांना बँकेतली कायमची नोकरी कुणी दिली तरी ती त्यांच्या उपयोगाची नाही. (आई-वडिलांना हे पटत नाही. पटूही नये.)

शिवाय भूमिका मिळाली म्हणून जोडधंदा सुटत नाही. मालिकेतलं मानधन साधारण नव्वद दिवसांनी हातात पडायचा रिवाज आहे. आज टीव्हीवर इन्स्पेक्टर म्हणून दरडावणारा मुलगा महिनाअखेरीला घरमालकाला काय सांगत असेल, याचा विचार करून बघा. पडद्यावर दिसायला लागल्यावर तर उधारी मागणंही अवघड होतं.

मग काम कोणतं धरावं? सल्ला देणारे म्हणतात, अभिनयाशी जवळचं. मला हे तितकंसं पटत नाही. मे महिन्यातली बालनाट्य शिबिरं पैसे देतात, पण पन्नास पोरांवर ओरडून जो घसा बसतो तो पुढच्या ऑडिशनला उठत नाही. ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरातली रात्रपाळी तर आवाजही नेते आणि चेहराही. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये अडेलतट्टू ग्राहक होऊन बसायचं काम त्यातल्या त्यात छान, पण ते रोज कुठे असतं? निळू फुले पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळी होते. हात मातीत, घसा शाबूत, डोकं मोकळं. नटाला याहून चांगलं काम मला तरी सुचत नाही. फक्त आता सोसायट्यांच्या बागाही कंत्राटावर गेल्यात.

आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने यावर गणिताचा तोडगा काढला. मुलगा इंजिनिअर. एकांकिका स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवली आणि नोकरीवर पाणी सोडलं. आता आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतो. अटी पहिल्याच दिवशी सांगतो: फी आगाऊ, आणि कॉल आला तर त्या दिवशीचा वर्ग रात्री नऊला मोबाइलवर. मी त्याला म्हटलं, “अरे, शिकवण्यात घसा जातोच की.”

“नाही जात काका. गणितात मी कमी बोलतो, पोरं जास्त लिहितात.”

पोरं त्याला दादा म्हणतात, त्यांच्या आया सर म्हणतात. एकदा तो मेकअप न पुसता सेटवरून तसाच वर्गाला बसला. कपाळावर जखम, शर्टावर रक्त, आणि फळ्याऐवजी मागे व्हॅनिटीचा आरसा. त्या दिवशी एकही मूल गैरहजर नव्हतं म्हणे.

गेल्या आठवड्यात त्याची एका मोठ्या भूमिकेसाठी लूक टेस्ट झाली. लिफ्टमध्ये दुसरा विषय नाही. सगळ्या आयांनी देवाला सांगून ठेवलंय, याला काम मिळू दे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा यंदा दहावीला आहे. त्यांनीही सांगितलंय, पण मार्चनंतर.