आपल्या नदीवर पिरॅमिड का नाहीत?

‘नदीकाठच्या संस्कृती’ शिकवायला घेतलं की दरवर्षी कुणीतरी हात वर करतंच. "सर, नदी तर आपल्याकडंही आहे. मग आपल्याकडं पिरॅमिड का नाहीत?" शिरूर तालुक्यात मास्तरकी केली, त्यामुळे मुलांची ‘आपली नदी’ म्हणजे घोड. आता निवृत्त झालो, तरी लग्नाकार्यात जुनी पोरं गाठून तेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

नुसती नदी असून भागत नाही. ती कधी भरते, काय घेऊन येते आणि कुठल्या दिशेला वाहते, यावर सगळं असतं.

नाईलचं बघा. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच, पण इथिओपियाच्या डोंगरांत तो आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर कोसळतो. ते गाळाचं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात शेतं बुडवायचं आणि ऑक्टोबरात ओसरायचं. मागं राहिलेल्या ओल्या गाळात बी फेकायचं, वरून जनावरं फिरवायची, थंडीत गहू आणि जव. आपली रब्बीच की! शिवाय खत नदीच घालून जाणार. शेतं पाण्याखाली असेपर्यंत शेतकऱ्याला फारसं काम नाही, आणि रिकामा शेतकरी दिसला की सरकारला पिरॅमिडसारखी कामं सुचतात.

वर वाहतूक फुकट. नाईल वाहते उत्तरेला आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो. जाताना प्रवाहावर सोडून द्यायचं, परतताना शीड उभारायचं. त्यांच्या चित्रलिपीत ‘दक्षिणेला जाणं’ लिहिताना शिडाची होडी काढत, ‘उत्तरेला’ लिहिताना बिनशिडाची. 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून घेणाऱ्या खुफू राजाच्या काळातले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेले कागद, सापडले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली चाळीसेक माणसं. तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे चिरे होडीत भरायचे आणि गिझाला उतरवायचे, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. तो दगड बैलगाडीनं नेऊन दाखवा!

आता आपली घोड. तिच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून खणलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. आपल्या नद्या खोल पात्रातून वाहतात. पावसाळ्यात पूर येतो आणि भीमेकडं निघून जातो. इजिप्तसारखी गाळाची चादर शेतावर पसरत नाही. त्यातून काळी माती चिवट, आणि तेव्हा लोखंडही नव्हतं. तरी त्या लोकांनी पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता आणि जव पिकवत होते. मला विचाराल तर तो पाट पिरॅमिडपेक्षा कमी नाही, पण हे परीक्षेत लिहू नका.

इसवीसनपूर्व 1000 च्या सुमारास पाऊस कमी होत गेला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हे लोक मेलेल्यांना घराच्या जमिनीतच पुरत, आणि मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. इसवीसनपूर्व 700 च्या आसपास जिवंत माणसंच गाव सोडून गेली.